अँग्झायटी, अँजायना आणि साकडे

प्रश्न : गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरात दोन दुखणी आली. आधी वडिलांच्या छातीत जिना चढताना आवळल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी कागदावर 'अँजायना' लिहिलं. मग धाकट्या बहिणीला परीक्षेच्या तोंडावर धडधड, गळ्यात गोळा, श्वास पुरत नाही, असं होऊ लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी 'अँग्झायटी' लिहिलं. आई म्हणते, दोन्ही एकच, नाव थोडं बदलून लिहिलंय. काका म्हणतात, 'अंग' या आपल्या शब्दावरूनच इंग्रजांनी हे शब्द घेतले. खरं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागतात का? ही दोन दुखणी एकच आहेत का? आणि 'अंग' या शब्दाचा त्यांच्याशी काही संबंध आहे का? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही, तिसऱ्याचेही नाही. मात्र काकांचे बोट जवळपास योग्य दाराशी गेले आहे. संस्कृताशी नाते आहे, फक्त ते 'अंग'शी नाही, दुसऱ्याच एका शब्दाशी आहे. तिथे आपण थोड्या वेळाने पोहोचू.

आधी लॅटिन. त्या भाषेत 'अँगेरे' असे एक क्रियापद होते. अर्थ आवळणे, गळा दाबणे. ग्रीकमध्येही त्याच अर्थाचे, त्याच मुळाचे 'आंखो' होते. गळा आवळला की काय होते ते सांगायला वैद्य लागत नाही. श्वास कोंडतो, डोळे विस्फारतात, जीव घाबरा होतो. या एका अनुभवातून लॅटिनमध्ये दोन वाटा फुटल्या. एक वाट शरीराची, तिच्यावर 'अँजायना' हा शब्द तयार झाला. दुसरी मनाची, तिच्यावर 'अँक्झिएतास', म्हणजे आजची अँग्झायटी.

आता पहिला गैरसमज बाजूला करू. अँजायना म्हणजे हृदयाचेच दुखणे, असे आपण धरून चालतो. मुळात हा शब्द घशाचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने वैद्यकावर जो ग्रंथ लिहिला, त्यात अँजायना म्हणजे घसा सुजून श्वास अडकवणारा आजार. हा जुना अर्थ युरोपात अजून जिवंत आहे. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलाला तिथल्या डॉक्टरांनी 'अंगीना' झाल्याचे सांगितले आणि त्याने तसे घरी कळवले, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येईल. डॉक्टरांना म्हणायचे असते एवढेच, की टॉन्सिल सुजलेत. फ्रेंचमध्येही तसेच. आपल्याकडच्या दंतवैद्यांनाही हा अर्थ चांगला ठाऊक असतो. दाढेचा जंतुसंसर्ग हनुवटीखाली पसरून मान सुजते आणि श्वासनलिकेवर दाब येतो, त्या धोकादायक स्थितीला ते 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. 1836 साली तिचे वर्णन करणाऱ्या जर्मन वैद्याचे ते नाव. त्या आजारात हृदयाचा काही दोष नसतो.

मग हा शब्द घशातून छातीत उतरला कधी? त्याची तारीख सांगता येते. 1768 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी एक निबंध वाचला. तो 1772 मध्ये छापला गेला. त्यांनी असे रुग्ण पाहिले होते, की ज्यांना चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर लगेच चालताना, छातीत असह्य आवळल्यासारखे होई आणि थांबले की काही क्षणांत ते नाहीसे होई. गळा दाबल्यासारखी ही जाणीव आणि तिच्यासोबतची घबराट ध्यानात घेऊन हेबर्डननी या दुखण्याला 'अँजायना पेक्टोरिस', म्हणजे 'छातीचा आवळ', असे नाव दिले. तुमच्या वडिलांच्या कागदावर आहे ते या नावाचे पहिले अर्धे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हेबर्डननी नाव दिले ते रुग्णाला काय वाटते त्यावरून. आत काय बिघडले आहे ते त्यांनाही माहीत नव्हते.

ते कळले कसे, ही हकिगत मला फार जवळची वाटते. देवीच्या लशीमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत शिकतो ते एडवर्ड जेन्नर, त्यांना अशा एका रुग्णाच्या शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कडक, चुनखडीसारख्या झालेल्या आढळल्या. कारण हाती लागले होते. पण जेन्नर यांचे गुरू, विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर, त्याच दुखण्याने आजारी होते. आपले अनुमान छापले तर गुरूला आपल्या हृदयाची अवस्था कळेल आणि त्या चिंतेने त्यांचे दुखणे बळावेल, म्हणून जेन्नर गप्प राहिले. हंटर स्वतःबद्दल म्हणत, की आपला जीव आपल्याला चिडवू शकणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात आहे. 16 ऑक्टोबर 1793 रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या एका बैठकीत वादावादी झाली. हंटर संताप आवरत बाहेर पडले आणि तिथेच कोसळून गेले. त्यांच्या हृदयवाहिन्याही तशाच कडक झालेल्या निघाल्या. पुढे 1799 मध्ये जेन्नर यांचे मित्र कॅलेब पॅरी यांनी या कारणाची चर्चा करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मनाचा क्षोभ अँजायनाची कळ आणू शकतो, हे हंटर यांनी अनुभवाने सांगितले होते. म्हणजे तुमची आई म्हणते त्यात एवढे तथ्य जरूर आहे, की ही दोन दुखणी शेजारी राहतात. पण घरे वेगळी आहेत.

आता दुसरी वाट, मनाची. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी 45 च्या सुमारास एक बारीक फरक नोंदवून ठेवला आहे. प्रसंगाने जीव आवळला जाणे म्हणजे 'अँगोर' आणि तसा आवळून घेण्याकडे स्वभावाचाच कल असणे म्हणजे 'अँक्झिएतास'. कधीतरी घाबरणारा प्रत्येक माणूस चिंतातुर स्वभावाचा नसतो, आणि चिंतातुर माणूसही सदासर्वकाळ घाबरलेला नसतो. आजचे मानसशास्त्र अवस्था आणि स्वभाव असा जो भेद करते, तोच हा. बहिणीला धीर देताना हा भेद उपयोगी पडेल. परीक्षेच्या तोंडावर तिला जे झाले ती अवस्था आहे. त्यावरून तिच्या स्वभावाला 'भित्री' असा शिक्का मारण्याचे कारण नाही.

वैद्यकात हा शब्द पक्का झाला तो जर्मन वाटेने. जर्मनमध्ये अरुंदला 'एंग' म्हणतात आणि धास्तीला 'आंग्स्ट'. दोन्ही एकाच मुळाचे. 1895 साली सिग्मंड फ्रॉइड यांनी 'आंग्स्टन्यूरोझ' हा आजार वेगळा काढून दाखवला. या शब्दात अरुंदपणा आणि श्वासाची कोंडी आहे, हे त्यांनी आपल्या एका व्याख्यानात आवर्जून सांगितले होते. पुढे फ्रॉइडचे ग्रंथ इंग्रजीत आले तेव्हा 'आंग्स्ट'च्या जागी 'अँग्झायटी' बसली आणि डॉक्टरांच्या कागदावर कायमची राहिली. 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांची नवी वर्गवारी केली, तेव्हा त्या जुन्या आजाराचे तुकडे पडले. अचानक येणारा झटका म्हणजे पॅनिक डिसऑर्डर, आणि सतत कुरतडणारी काळजी म्हणजे जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर.

आता काकांच्या शंकेकडे येऊ. 'अंग' म्हणजे अवयव, शरीर. त्याचे कूळ निराळे. पण ऋग्वेदात 'अंहस्' असा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. ऋषी अग्नीला, मित्रावरुणांना, अश्विनीकुमारांना विनवतात, की आम्हाला अंहसातून सोडवा. अंहस् म्हणजे कोंडी, अडचण, संकट. त्याचाच भाऊ 'अंहु', म्हणजे अरुंद. आणि याच्या उलट देवांकडे मागायचे ते काय, तर 'उरु', म्हणजे ऐसपैस, रुंद जागा. पृथ्वीला 'उर्वी' म्हणतात ते ती विस्तीर्ण आहे म्हणून. वेदकाळच्या माणसाला दुःख अरुंद वाटत होते आणि सुख रुंद.

'अंहस्' आणि लॅटिनचे 'अँगेरे' हे एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र मानते. 'ह' कुठे आणि 'ग' कुठे, असे वाटेल. पण ही अदलाबदल नेमाने होते. आपला 'हंस' जर्मनमध्ये 'गान्स' होतो, म्हणजे बदक जातीचाच पक्षी. च्यवनप्राशला आयुर्वेदात 'अवलेह' म्हणतात, म्हणजे चाटण. त्यातला 'लिह्' हा धातू आणि लॅटिनचा 'लिंगेरे' एकच, अर्थही चाटणे हाच. जिथे संस्कृतात 'ह' तिथे त्या भाषांत 'ग', असा हा हिशेब आहे.

पण याचा अर्थ इंग्रजांनी शब्द संस्कृतातून उचलला, असा होत नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, जर्मन या चुलत बहिणी. त्यांची आजी एकच होती, पण तिचे लेखन उरलेले नाही. 'अँग्झायटी' ही 'अंहस्'ची मुलगी नव्हे, चुलत घराण्यातली नात. इंग्रजीतला 'अँगर'ही याच घराण्यातला. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ राग नव्हता, दुःख आणि त्रास होता.

संस्कृतात पुढे मात्र 'अंहस्'चे एक वाईट झाले. अमरकोशात तो शब्द पापाच्या प्रतिशब्दांत बसलेला दिसतो. आधी अर्थ होता कोंडी, मग झाला पाप. जिवाची कोंडी झालेल्या माणसाने काहीतरी पाप केले असणार, असा विचार त्या वाटेवर कुठेतरी शिरला असावा. शब्द बदलला आणि आपण तो विसरलोही, पण विचार अजून घराघरात आहे. मुलीला धाप लागते, रात्री दचकून जाग येते, तेव्हा कोणीतरी म्हणते, मागच्या जन्मीचे भोग. कोणी म्हणते, मन कमकुवत आहे. या दोन्ही वाक्यांनी आजच्या रुग्णाची कोंडी वाढते. डॉक्टरकडे जायला उशीर होतो तो इथेच. मला हे फार खटकते.

मराठीत या आजाराला पुस्तकी नाव 'चिंताविकार'. वाईट नाही, पण अपुरे आहे. 'चिंता' मूळ विचार करण्याच्या क्रियेवरून आलेला शब्द. तो डोक्यात राहतो. बहिणीला जे झाले ते छातीत आणि गळ्यात झाले. बोलभाषेला हे ठाऊक आहे. जीव घाबरा होतो, घुसमट होते, ऊर दडपतो, आवंढा गिळवत नाही, कोंडमारा होतो. या सगळ्यांत शरीर आहे, आणि बहुतेकांत जागा कमी पडण्याचा अनुभव आहे.

आणखी एक शब्द पाहा. 'संकट'. संस्कृतात याचा मूळ अर्थ अरुंद, दाटीचा, जिथून अंग चोरून जावे लागते असा. अरुंद वाटेचा झाला धोका, धोक्याची झाली आपत्ती. प्राकृतातून घासत घासत तोच शब्द मराठीत 'साकडे' झाला. देवाला साकडे घालणे म्हणजे आपल्या जिवाची कोंडी त्याच्या पायाशी ठेवणे. वेदातला ऋषी अंहसातून सोडव म्हणत होता आणि आपली आजी विठोबाला साकडे घालते. शब्द निराळे, धातूही निराळे, पण चित्र तेच. 'अडचण' तर आणखी बोलकी. 'मला पैशांची अडचण आहे' आणि 'खोलीत फार अडचण झालीय, कपाट हलवा', दोन्ही आपण एकाच श्वासात म्हणतो. आणि सुटका झाल्यावर काय म्हणतो? 'मोकळं वाटलं.'

जाता जाता आणखी एक. संकटाला इंग्रजीत 'डिस्ट्रेस' म्हणतात. त्याच्या मुळाशीही लॅटिनमधले करकचून ओढणेच आहे. 'स्ट्रेस' हा त्याचाच तोडलेला तुकडा, आणि डिस्ट्रिक्ट कलेक्टरमधला 'डिस्ट्रिक्ट' त्याचा सख्खा भाऊ. ज्या मुलखावर सरदाराचा जप्तीचा फास चाले, तो त्याचा डिस्ट्रिक्ट.

इतक्या भाषांनी अरुंदपणाचेच चित्र का काढले? कारण ते शरीरात खरोखर घडते. भीतीच्या क्षणी ॲड्रिनलिन स्रवते, हृदय जोरात चालते आणि श्वास उथळ, भराभर होतो. बरगड्यांमधले स्नायू ताठतात, म्हणून छाती बांधल्यासारखी वाटते. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू आवळतो, म्हणून गळ्यात गोळा जाणवतो. तपासले तर तिथे काही नसते. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि श्वास पुरत नाही असे वाटते. खरे तर प्राणवायू भरपूर असतो. म्हणून त्या वेळी जोरजोरात श्वास ओढल्याने त्रास वाढतो आणि श्वास सावकाश, लांबवर सोडल्याने कमी होतो. तोंडाला कागदी किंवा प्लास्टिकची पिशवी लावण्याचा जुना उपाय मात्र करू नका. दुखणे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे निघाले तर तो जिवावर बेतू शकतो.

अँजायनामध्ये गोष्ट वेगळी. तिथे हृदयाला रक्त नेणारी वाहिनीच अरुंद झालेली असते. बसल्या जागी तेवढे रक्त पुरते, जिना चढताना पुरत नाही, आणि हृदयाचा स्नायू कळ काढून ते सांगतो. विश्रांतीने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या जिभेखालच्या गोळीने ती थांबते. अँजायना म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे. झटक्यात स्नायूचा काही भाग मरतो, अँजायनात तो उपाशी राहतो. पण उपाशी स्नायूकडे दुर्लक्ष करू नये.

ही गल्लत डॉक्टरांचीही झाली आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात शेकडो सैनिक धडधड आणि छातीत दुखण्याची तक्रार घेऊन येत. जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी त्यांना तपासले. बहुतेकांच्या हृदयात दोष सापडेना. 1871 साली त्यांनी याला 'चिडखोर हृदय' असे नाव दिले. त्यातल्या अनेकांना आज आपण अँग्झायटी म्हणू. प्रशिक्षित कानांना ज्या ठिकाणी वेळ लागला, तिथे घरी बसून निवाडा करता येत नाही. श्रमाने वाढणारी, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी, घाम फोडणारी कळ हृदयाची असण्याचा संभव जास्त, हे खरे. पण बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयाचे दुखणे नुसती धाप, मळमळ किंवा थकवा अशा वेषातही येते. आणि अँग्झायटी असलेल्या माणसाला हृदयविकार होत नाही, असेही नाही.

तेव्हा आईला सांगा, नावे नात्यातली आहेत, औषधे नाहीत. वडिलांची जिभेखालची गोळी बहिणीला देऊ नका आणि बहिणीच्या गोळ्या वडिलांना देऊ नका. छातीतली कळ विश्रांतीनेही काही मिनिटांत थांबली नाही, तर शब्दाचा विचार न करता 108 ला फोन करा. ईसीजी काढल्याशिवाय 'टेन्शनमुळे असेल' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. आणि बहिणीला मनातले बोलायचे असेल, घरच्यांपाशी जमत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. तो क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.